बोटीवरून दिसलेली आफ्रिका

एखाद्या नावाजलेल्या जुन्या इंग्रजी कादंबरीत आफ्रिकी माणसांबद्दल खटकणारं काही वाचलं आणि ते कुणाला बोलून दाखवलं, की उत्तर ठरलेलं असतं. अहो, त्या काळी सगळेच तसा विचार करत होते, त्या लेखकाला आजची मोजपट्टी कशाला लावता? हा प्रश्न रास्त आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आपल्या काळात ओढून आणून जाब विचारणं सोपं असतं आणि त्यातून हाती फारसं काही लागत नाही. पण त्या काळी खरोखरच सगळे तसा विचार करत होते का, हे मात्र तपासता येतं. पत्रं आहेत, अहवाल आहेत, साक्षी नोंदवलेल्या आहेत. या प्रकरणात आपण मुख्यतः एकच कादंबरी पाहणार आहोत, जोसेफ कॉनरॅडची 'हार्ट ऑफ डार्कनेस', आणि तिच्याबरोबर एक नदी आणि एक साल. त्याआधी दोन थांबे घेऊ.

१. क्रूसोचं जहाज कुठे निघालं होतं?

वसाहतवाद म्हणजे काय, ते साध्या शब्दांत असं सांगता येईल. एका देशाने दुसऱ्यांची जमीन, तिथल्या माणसांचे कष्ट आणि तिथला व्यापार बळाने ताब्यात घ्यायचा, कायदे आपल्या सोयीचे करायचे आणि नफा मायदेशी न्यायचा. याला तोफा लागतात, जहाजं लागतात, कारकून लागतात. आणि आणखी एक गोष्ट लागते: जे चाललंय त्यात वावगं काही नाही, असं घरी बसलेल्या लोकांना वाटावं लागतं. इथे गोष्टी कामाला येतात. कुणी लेखकांना बोलावून तसं लिहायला सांगत नव्हतं. लेखक ज्या समजुतींत वाढलेला असतो त्या त्याच्या गोष्टीत न बोलावता येऊन बसतात, आणि वाचक पिढ्यान्पिढ्या ती गोष्ट वाचत राहतात.

'रॉबिन्सन क्रूसो' ही डॅनियल डीफोची कादंबरी १७१९ सालची. निर्जन बेटावर एकटा पडलेला, स्वतःच्या हिमतीवर जगलेला माणूस, अशी ती आपल्याला शाळकरी वयापासून ठाऊक असते. पण तो त्या बेटावर पोचला कसा? मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांत हा भाग बहुधा गाळलेला असतो. क्रूसोचा ब्राझीलमध्ये मळा होता. मळ्यावर राबायला माणसं हवी होती, म्हणून तो आणि त्याच्या ओळखीचे मळेवाले आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून गुलाम आणायचा बेत करतात. त्याच सफरीवर जहाज फुटतं. ज्या वादळातून आपला नायक बचावतो, ते वादळ माणसं विकत घ्यायला निघालेल्या जहाजाला गाठतं.

त्याआधीचा एक प्रसंग तर अंगावर येतो. क्रूसो स्वतः मोरोक्कोच्या किनाऱ्यावर गुलाम म्हणून अडकलेला असतो. झूरी नावाच्या मुलाला बरोबर घेऊन तो तिथून पळतो. झूरी त्याला जीव लावतो, धोक्याच्या वेळी पुढे होतो. पुढे एक पोर्तुगीज कप्तान त्यांना जहाजावर घेतो आणि क्रूसो झूरीला त्या कप्तानाला चांदीच्या साठ नाण्यांना विकून टाकतो. मुलगा ख्रिस्ती झाला तर दहा वर्षांनी त्याला मोकळं करीन, असं कप्तान लिहून देतो. क्रूसोला झूरीची आठवण नंतर येते ती मळ्यावर हात कमी पडतात तेव्हा. डीफो हे कसलीही लाज न बाळगता, आवाज न चढवता सांगतो. त्याच्या वाचकांनाही त्यात थांबण्यासारखं काही दिसलं नसावं. पुढे भेटणारा फ्रायडे कॅरिबियन प्रदेशातला आहे, आफ्रिकेतला नव्हे. त्याला त्याचं स्वतःचं नाव काय, हे क्रूसो विचारत नाही. तो त्याला नवं नाव देतो, आणि स्वतःला मालक म्हणायला शिकवतो.

यातून पुढे उपयोगी पडतील असे तीन प्रश्न मिळतात. गोष्टीत कुणाला नाव आहे? कुणाला बोलू दिलंय? आणि कोण काम करतं, पण त्या कामाचा हिशेब गोष्टीत कुठेच दिसत नाही?

२. पेन्सिलीचं लाकूड

दुसरा थांबा १८८५ सालचा. हेन्री रायडर हॅगार्डची 'किंग सॉलोमन्स माइन्स' त्या वर्षी आली आणि भरपूर खपली. हॅगार्डने आफ्रिका डोळ्यांनी पाहिली होती. तरुणपणी तो नाताळ वसाहतीत गव्हर्नरच्या हाताखाली होता आणि १८७७ साली ब्रिटनने ट्रान्सवाल खालसा केलं तेव्हा तिथे हजर होता. त्याच्या कादंबरीतला उंबोपा हा आफ्रिकी राजपुत्र देखणा आहे, शूर आहे आणि गोऱ्यांशी बरोबरीने बोलतो. आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोहोंत हॅगार्ड बऱ्यापैकी उत्तीर्ण होतो. अडतो तो तिसऱ्याशी. कादंबरीतला भव्य रस्ता, खाणी, दगडातले पुतळे हे सगळं कुणा प्राचीन परक्या लोकांनी बांधलेलं आहे. सध्या तिथे राहणारे लोक त्याचे केवळ शेजारी.

ही कल्पना हॅगार्डची एकट्याची नव्हती. आजच्या झिंबाब्वेमध्ये 'ग्रेट झिंबाब्वे' नावाचे दगडी वास्तूंचे अवशेष आहेत. चुना वा मातीचा गिलावा न वापरता, दगडावर दगड रचून उभारलेल्या प्रचंड वर्तुळाकार भिंती. कार्ल माउख हा जर्मन प्रवासी १८७१ साली तिथे पोचला. दरवाजावरच्या तुळईचा एक तुकडा त्याने पाहिला आणि त्याला ते लाकूड आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखं वाटलं. पेन्सिलीचं लाकूड देवदाराच्या जातीचं, तसं लाकूड लेबनॉनचं, म्हणजे ते फिनिशियन व्यापाऱ्यांनी आणलं असणार, म्हणजे हा शेबाच्या राणीचा वाडा असणार! शेजारच्या गावात शोना लोक राहत होते. त्यांच्याच पूर्वजांनी, साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकांत, या भिंती रचल्या होत्या.

डेव्हिड रँडल-मॅकायव्हरने १९०५ साली आणि गर्ट्रूड केटन-टॉम्पसनने १९२९ साली उत्खनन करून ही वास्तू आफ्रिकी लोकांचीच आहे, असं स्पष्ट सांगितलं. जमिनीखालून चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे निघाले, भारतातून गेलेले काचेचे मणी निघाले. हिंदी महासागराच्या व्यापारात भाग घेणारं हे श्रीमंत शहर होतं. तरीही १९६५ नंतर, तेव्हा ऱ्होडेशिया म्हणवणाऱ्या या देशातल्या गोऱ्यांच्या सरकारने आपल्या संशोधकांवर हे उघड बोलू नये म्हणून दबाव आणला. साहसकथेतली एक कल्पना आणि राज्यकर्त्यांची गरज इतकी वर्षं हातात हात घालून चालली. १९८० साली देश स्वतंत्र झाला आणि त्याने या दगडी शहराचंच नाव घेतलं.

टारझनबद्दल तीनच वाक्यं पुरेत. त्याचा लेखक एडगर राइस बरोज आफ्रिकेत कधी गेला नाही, आणि १९१२ साली मासिकात आलेल्या पहिल्या गोष्टीत त्याने आफ्रिकेच्या जंगलात वाघ सोडला होता. तिथे वाघ नसतो हे वाचकांनी दाखवून दिल्यावर पुस्तकात त्याची सिंहीण झाली. माणसांच्या चित्रणाबद्दल मात्र अशी दुरुस्ती झाली नाही.

३. एका माणसाच्या मालकीचा देश

नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ या काळात बर्लिनमध्ये युरोपीय सत्तांची परिषद भरली. आफ्रिकेत कुणी कुठे आणि कोणत्या नियमांनी पाय रोवायचे, हे तिथे ठरलं. एकाही आफ्रिकी राजाला बोलावणं नव्हतं. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याने याच सुमारास काँगो नदीचं विशाल खोरं पदरात पाडून घेतलं. त्याने ते बेल्जियमसाठी नव्हे, स्वतःसाठी घेतलं. 'काँगो फ्री स्टेट' असं नाव दिलेला, बेल्जियमच्या सत्तरपटीहून मोठा हा मुलूख १८८५ ते १९०८ या काळात व्यवहारतः एका माणसाची खाजगी मिळकत होता. लिओपोल्ड स्वतः तिथे कधी गेला नाही.

आधी हस्तिदंत आणि मग रबर. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर आणला, सायकली आणि पुढे मोटारी वाढल्या आणि रबराला सोन्याचे दिवस आले. काँगोच्या जंगलात रबराच्या वेली होत्या. गावागावाला रबराचा कोटा ठरला. तो भरला नाही तर बायकांना ओलीस ठेवायचं, गाव जाळायचं, माणसं मारायची. सैनिकांनी काडतुसं शिकारीत उधळू नयेत म्हणून प्रत्येक काडतुसामागे मेलेल्या माणसाचा तोडलेला हात पुरावा म्हणून मागितला जाई. मग हिशेब जुळवण्यासाठी जिवंत माणसांचेही हात तोडले गेले.

ही नदी युरोपने शोधली तेव्हापासून तिचा इतिहास सुरू झाला, असं समजायचं कारण नाही. तिच्या मुखाजवळ काँगोचं राज्य होतं. तिथला राजा अफोन्सो, मूळ नाव न्झिंगा म्बेम्बा, याने १५२६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्रं लिहिली. तुमचे व्यापारी आमची माणसं पळवून नेतात, आमच्या सरदारांची मुलंसुद्धा, हे थांबवा, अशी त्यात तक्रार होती. तेव्हा पोर्तुगीजांना गोवा घेऊन सोळा वर्षं झाली होती. म्हणजे ज्या दरबारात गोव्याची पत्रं पोचत होती, त्याच दरबारात ही तक्रारही दाखल झाली होती.

४. १८९० : एकाच नदीवर

जोसेफ कॉनरॅड जन्माने पोलिश. १८५७ साली, त्या वेळी रशियाच्या ताब्यात असलेल्या आणि आज युक्रेनमध्ये असलेल्या बेर्दिचिव्हमध्ये त्याचा जन्म झाला. रशियाविरुद्ध चळवळ केली म्हणून त्याच्या वडिलांना दूर उत्तरेत व्होलोग्दाला हद्दपार केलं. चार वर्षांच्या मुलालाही तिकडे जावं लागलं. परकी सत्ता घरादाराचं काय करते, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा. हे सगळं ध्यानात ठेवून त्याच्याकडे पाहायला हवं, कारण तो दुष्ट मनाचा लेखक मुळीच नव्हता.

आगबोटीचा कप्तान म्हणून नोकरी घेऊन तो जून १८९० मध्ये काँगोत उतरला. मातादी बंदराहून पुढे धबधब्यांमुळे बोट जात नाही, म्हणून ओझेवाल्यांच्या तांड्याबरोबर तो साडेतीनशे किलोमीटरहून अधिक चालत गेला. वाटेत रोजनिशी ठेवली. वाटेच्या कडेला पडलेलं प्रेत, खांबाला बांधलेला सांगाडा, डासांनी खाल्लेल्या रात्री, अशा तुटक नोंदी तिच्यात आहेत. पुढे 'रुआ दे बेल्ज' या छोट्या आगबोटीवरून तो नदीच्या वरच्या अंगाला स्टॅनली फॉल्सपर्यंत गेला. आज तिथे किसांगानी शहर आहे. तो पोचला १ सप्टेंबर १८९० रोजी.

त्याच स्टॅनली फॉल्सहून सहा आठवड्यांपूर्वी, १८ जुलैला, एका माणसाने लिओपोल्ड राजाला उघडं पत्र लिहिलं होतं. जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स हा कृष्णवर्णीय अमेरिकन. पोरवयात यादवी युद्धात लढलेला, मग पाद्री, वकील, ओहायोच्या विधिमंडळाचा सभासद, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा मोठा इतिहास लिहिणारा. आधी तो लिओपोल्डच्या गोड बोलण्याने प्रभावित झाला होता. अमेरिकेतले शिकलेले कृष्णवर्णीय तरुण काँगोत येऊन काम करतील, अशी त्याला आशा होती. म्हणून तो स्वतः पाहायला आला. आणि नदीकाठच्या लोकांना दुभाषांमार्फत प्रश्न विचारत गेला.

त्याने जे लिहिलं त्यात हळहळ कमी आणि आरोप जास्त आहेत, क्रमांक घालून मांडलेले. गावप्रमुखांकडून जमिनी कशा काढून घेतल्या, तेही त्याने नोंदवलं. गोरा अधिकारी कोटाच्या बाहीत विजेची बॅटरी लपवी, तिच्या तारा तळहाताला बांधलेल्या पट्टीशी जोडलेल्या असत. हस्तांदोलन केलं की गावप्रमुखाला झटका बसे, आणि गोऱ्या माणसाच्या अंगात केवढी ताकद आहे असं त्याला वाटे. असल्या युक्त्यांनी आणि दारूच्या बाटल्यांनी गावंच्या गावं कागदावर उतरवून घेतली गेली. सैनिकांना शिधा देत नाहीत, म्हणून ते गावं लुटतात. बायका पळवल्या जातात. गुलामगिरी मोडायला आलो म्हणणारं सरकार स्वतःच गुलामांचा व्यवहार करतं. याची आंतरराष्ट्रीय चौकशी झाली पाहिजे, अशी मागणी त्याने केली. पुढच्याच वर्षी, एकेचाळिसाव्या वर्षी, इंग्लंडमध्ये त्याचा मृत्यू झाला आणि त्याचा आवाज बराच काळ विसरला गेला.

आता आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे बघा. त्या काळी सगळेच तसा विचार करत होते का? नदी तीच, साल तेच, ठिकाणसुद्धा तेच. एकाने लोकांना विचारलं, दुसऱ्याने विचारलं नाही. विल्यम्सचं हे पत्र ठाऊक असताना 'तो काळच तसा होता' ही सबब मला पुरेशी वाटत नाही. काळाचं ओझं कॉनरॅडवर होतंच, ते मान्य. पण त्याच काळात तिथे उभं राहून वेगळं पाहणं शक्य होतं, आणि एका माणसाने ते करून दाखवलं होतं.

५. कादंबरीत कोण बोलतं?

कॉनरॅड तापाने आणि आमांशाने खंगून, तीन वर्षांचा करार अर्ध्यावर टाकून परतला. आठ-नऊ वर्षांनी त्या अनुभवातून 'हार्ट ऑफ डार्कनेस' उतरली. १८९९ साली ती 'ब्लॅकवुड्स मॅगझिन'मध्ये तीन भागांत आली आणि १९०२ साली पुस्तकात. टेम्स नदीत नांगरलेल्या बोटीवर मार्लो नावाचा खलाशी मित्रांना गोष्ट सांगतो: कर्ट्झ नावाच्या बुद्धिमान, ध्येयवादी म्हणवणाऱ्या हस्तिदंत-एजंटला आणायला मी नदीतून आत गेलो, आणि तो काय होऊन बसला होता ते पाहिलं. काँगो हे नाव कादंबरीत नाही, लिओपोल्डचंही नाही.

युरोपच्या ढोंगाचं तिच्यातलं चित्र जबरदस्त आहे, हे आधी सांगायला हवं. रेल्वेच्या कामावर राबवून निकामी झालेली माणसं झाडांखाली मरायला पडलेली आहेत, आणि पलीकडे कंपनीचा हिशेबनीस कडक इस्तरीच्या कॉलरमध्ये चोपड्या लिहीत बसलाय. एवढ्या दमट मुलखात याचे कपडे इतके स्वच्छ कसे, हे मार्लो त्याला विचारतो. ठाण्यावरच्या एका बाईला मी हे काम शिकवलंय, असं तो सांगतो. फार जड गेलं शिकवायला, तिला या कामाची नावड होती.

ही बाई कादंबरीत पुन्हा कधी येत नाही. तिला नाव नाही, चेहरा नाही. मार्लो कौतुक करतो ते कॉलरचं आणि ती घालणाऱ्याच्या चिकाटीचं. कॉनरॅडला त्यातला डंख कळत नव्हता असं म्हणवत नाही. तिच्या नावडीचा उल्लेख त्यानेच केला आहे. पण कॅमेरा तिच्याकडे वळत नाही. ती कुठल्या गावची, ओलीस होती की कसं, संध्याकाळी काम संपल्यावर कुठे जात होती, हे विचारावंसं त्या गोष्टीत कुणालाच वाटत नाही.

सबंध कादंबरीत आफ्रिकी माणसं सलग अर्थपूर्ण वाक्य बोलतात ती जेमतेम दोन ठिकाणी. एकदा बोटीवरच्या खलाशांचा म्होरक्या पकडलेला माणूस खायला मागतो. दुसऱ्यांदा एक नोकर कर्ट्झ मेल्याची वर्दी देतो. एरवी त्यांच्या वाट्याला आरडाओरडा, ढोल, झाडीतून चमकणारे डोळे आणि हातपाय. कर्ट्झच्या जवळची एक आफ्रिकी स्त्री काठावर दिमाखात उभी राहते, पण तिच्या तोंडी शब्द नाही. युरोपातल्या त्याच्या वाग्दत्त वधूला मात्र सबंध प्रसंग दिला आहे, बोलायला आणि रडायला.

एसटीच्या खिडकीतून दिसणारं गाव आठवा. पारावर चारजण बसलेले दिसतात, कुठेतरी ढोल वाजताना ऐकू येतो. लग्न आहे की वरात की देवाचा छबिना, आपल्याला कळत नाही, गाडी पुढे जाते. यात गैर काही नाही. गैर तेव्हा होतं, जेव्हा प्रवासी घरी जाऊन लिहितो की त्या गावच्या ढोलाला अर्थच नसतो. मार्लो हा असा बोटीवरचा प्रवासी आहे. रात्रीचे ढोल त्याला कळत नाहीत, हे तो कबूल करतो. पण मग ते न कळणं हळूहळू नदीचा, जंगलाचा आणि तिथल्या माणसांचा गुणधर्म बनतं. माणसं म्हणजे आदिम काळाचा उरलेला अंश, आपण फार पूर्वी जे होतो ते. इतिहास, कायदा, शेती, नाती असलेला समाज काठावर आहे, याचा पत्ता वाचकाला लागत नाही.

६. अ‍ॅमहर्स्टचं भाषण

काठावरून उत्तर यायला बराच काळ लागला. चिनुआ अचेबे १९३० साली नायजेरियातल्या ओगिदी गावी जन्मला. इबादानच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकताना त्याच्या वर्गाला जॉइस कॅरीची 'मिस्टर जॉन्सन' लावली होती. १९३९ सालच्या या कादंबरीत नायजेरियन कारकून जॉन्सन बावळट आणि साहेबावर जीव टाकणारा आहे, आणि शेवटी साहेबच त्याला गोळी घालतो. वर्गातला एक विद्यार्थी उठून शिक्षकांना म्हणाला, की या पुस्तकातला मला आवडलेला एकमेव क्षण म्हणजे जॉन्सन मरतो तो. शिक्षक चकित झाले. ज्या देशाबद्दल ते पुस्तक होतं त्या देशाची मुलं समोर बसली होती, आणि त्यांना जॉन्सन ओळखीचा वाटत नव्हता.

अचेबेची 'थिंग्ज फॉल अपार्ट' १९५८ साली आली. उमुओफिया या इग्बो गावाची ही गोष्ट. कंदांची लागवड, पाहुण्यापुढे धरलेलं कोला फळ, मुखवटे घालून न्यायनिवाडा करणारे वडीलधारे, जावयाशी चाललेली देवाणघेवाण. गोरा माणूस येतो तो अर्ध्याहून अधिक कादंबरी झाल्यावर. अचेबेने गावाला सोवळं ठरवलेलं नाही. जुळी मुलं रानात टाकून देणारी, दुसऱ्या गावाने भरपाई म्हणून दिलेल्या मुलाचा बळी घेणारी ही माणसं आहेत, आणि त्याबद्दल गावातच कुजबुज आणि दुःख आहे. शेवटच्या पानावर इंग्रज जिल्हाधिकारी एका पुस्तकाचा विचार करत चालतो. ज्याची आख्खी कहाणी आपण वाचली, त्या नायकाला त्या पुस्तकात एखादा परिच्छेद द्यावा, असं त्याच्या मनात येतं. हा जिल्हाधिकारी वाचला, की आधी वाचलेल्या कितीतरी पुस्तकांचे लेखक डोळ्यांपुढे येतात.

१८ फेब्रुवारी १९७५ रोजी अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्ट इथे, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, अचेबेने 'हार्ट ऑफ डार्कनेस'वर भाषण दिलं आणि कॉनरॅडला सरळ वंशद्वेष्टा म्हटलं. त्याचा मुद्दा असा: एका युरोपीय माणसाचं मन कसं ढासळतं हे दाखवण्यासाठी आख्ख्या खंडाचा पडदा मागे टांगायचा आणि तिथल्या माणसांना त्या पडद्यावरचं चित्र करायचं, हा कुठला न्याय? त्याने आणखी एक गोष्ट आठवून दिली. काँगो नदीच्या उत्तरेला राहणाऱ्या फांग लोकांनी कोरलेला एक मुखवटा १९०५ च्या सुमारास फ्रेंच चित्रकार व्लामिंकच्या हाती आला. देरँ, पिकासो, मातीस यांनी तो पाहिला आणि थक्क झाले. युरोपच्या चित्रकलेला नवं वळण देणारे हात ज्या प्रदेशातले, त्याच प्रदेशात कॉनरॅडला नुसते हातपाय दिसत होते.

भाषणाने वादळ उठलं. कॉनरॅडच्या बाजूने म्हणता येण्यासारखं बरंच आहे. मार्लो म्हणजे कॉनरॅड नव्हे. कादंबरीचा खरा रोख युरोपवर आहे. काँगोतल्या अत्याचारांविरुद्ध चळवळ उभारणाऱ्या ई. डी. मॉरेलने या विषयावरचं सर्वांत प्रभावी लिखाण म्हणून तिचा गौरव केला होता. यातलं पहिलं उत्तर मला अर्धवट वाटतं. मार्लो चुकतोय हे दाखवायचं, तर त्याला खोडून काढणारा एखादा आवाज गोष्टीत हवा, आणि तोच तिथे नाही. बाकीचं खरं आहे. अचेबेचा आरोपही खरा आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, कारण अत्याचाराची चीड येणं वेगळं आणि ज्याच्यावर अत्याचार होतोय त्याचं ऐकून घेणं वेगळं.

७. एकशे दहा काड्या

मातादीला कॉनरॅडची ओळख झाली होती रॉजर केसमेंट या आयरिश माणसाशी. पुढे ब्रिटनचा वाणिज्यदूत म्हणून त्याच केसमेंटने १९०३ साली काँगोच्या आतल्या भागात फिरून लोकांच्या जबान्या घेतल्या. १९०४ साली अहवाल छापला, तेव्हा ब्रिटिश सरकारने त्यातली नावं काढून अक्षरं घातली. गदारोळ झाल्यावर लिओपोल्डला चौकशी आयोग नेमावा लागला.

त्या आयोगापुढे बोलिमा गावाचा प्रमुख लोंतुलू आला. त्याने मेजावर एकशे दहा काड्या मांडल्या. एकेक काडी म्हणजे रबरापायी मारलेलं त्याचं एकेक माणूस. काड्यांचे चार ढीग केले होते: मानकरी, पुरुष, बायका, मुलं. आणि मग एकेक काडी उचलत त्याने प्रत्येकाचं नाव घेतलं. आयोगापुढच्या साक्षी बेल्जियमच्या दप्तरखान्यात बंद करून ठेवल्या गेल्या. संशोधकांना त्या खुल्या व्हायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

म्हणजे काठावरची माणसं गप्प नव्हती. त्यांच्याकडे नावं होती, मोजदाद होती, आपल्यावर काय गुदरलं ते क्रमाने सांगण्याची रीत होती. कादंबरीने त्यांना मुकं ठेवलं, आणि सरकारने कुलूप लावलं.

दख्खनच्या वाचकाला इथे मलिक अंबर आठवणं साहजिक आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारांतून विकला जात दख्खनेत पोचलेला हा माणूस निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. त्याने खडकी वसवली, जमीनमहसुलाची घडी बसवली, गनिमी काव्याने मुघलांना जेरीस आणलं. १६२६ साली वारला, खुलताबादला त्याची कबर आहे. बादशहा जहांगीर त्याचा इतका द्वेष करी, की अंबरच्या छाटलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र त्याने काढवून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याच्या हाती कधी लागलं नाही. हा द्वेष कडवा होता, पण नाव घेऊन केलेला होता. अंबर जहांगीरच्या लेखी बरोबरीचा शत्रू होता, त्याला डावपेच होते, इरादा होता. कॉनरॅडच्या मनात अशा द्वेषाचा मागमूस नाही, झाडाखाली मरणाऱ्या माणसाला मार्लो खिशातलं बिस्कीट काढून देतो. पण त्या माणसाचं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

८. मग वाचायचं की नाही?

वाचायचं. अचेबेनेही त्या पुस्तकावर बंदी मागितली नव्हती. पण एकटं वाचायचं नाही. 'हार्ट ऑफ डार्कनेस'शेजारी विल्यम्सचं पत्र ठेवा, ते जेमतेम काही पानांचं आहे. मग 'थिंग्ज फॉल अपार्ट' घ्या. त्यानंतर सुदानच्या तायेब सालिहची 'सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ'. मूळ अरबीतल्या, १९६६ च्या या कादंबरीत प्रवासाची दिशा उलटी आहे: नाइल काठच्या गावातला माणूस लंडनच्या अंतरंगात शिरतो.

केनियाच्या न्गुगी वा थिओंगोचं उदाहरण मला या बाबतीत सर्वांत बोलकं वाटतं. युगांडात मॅकेरेरे इथे शिकताना त्याने कॉनरॅडचा बारकाईने अभ्यास केला आणि कथनाची उलटसुलट वीण त्याच्याकडून उचलली. १९६७ सालच्या 'अ ग्रेन ऑफ व्हीट'मध्ये ती स्पष्ट दिसते. मॅकेरेरेलाच १९६२ साली लेखकांची परिषद भरली, तेव्हा या विद्यार्थ्याने आपलं हस्तलिखित अचेबेच्या हाती दिलं होतं. कॉनरॅड आणि अचेबे, दोघांकडून शिकलेला लेखक तो. मग त्याला पुढचा प्रश्न पडला: आपली माणसं आता बोलतात खरी, पण ती इंग्रजीत बोलतात, म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहिलं ते तर हे वाचतच नाहीत. १९७७ साली त्याने गिकुयू भाषेत गावकऱ्यांबरोबर नाटक बसवलं. सरकारने नाटक बंद पाडलं आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याला अटक केली. कामिटीच्या तुरुंगात, शौचालयाच्या कागदावर, त्याने गिकुयूत कादंबरी लिहिली.

ती १९८० साली छापून आली. घरोघरी संध्याकाळी कुणीतरी ती मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, दारूच्या गुत्त्यात वाचन चाले. गुत्त्यात तर वाचून दाखवणारे पटाईत लोक तयार झाले. ते ऐन रंगात आलेल्या जागी थांबत आणि रिकामा पेला दाखवत. ऐकणारे ओरडत, अरे याला आणखी एक बाटली द्या, पुढे काय झालं ते ऐकायचंय.